अवतरणचिन्हांतील शीर्षकांची षष्ठी

पुस्तक, नाटक, वृत्तपत्र यांचे नाव अवतरणचिन्हांत लिहून त्याला चा, ची, चे, च्या हे षष्ठीचे प्रत्यय जोडण्याची रीत. बोलताना ही अडचण जाणवतही नाही. लिहिताना, आणि विशेषतः निमंत्रणपत्रिका, फलक, वाचनालयाचा अहवाल लिहिताना, ती लगेच समोर येते: प्रत्यय चिन्हाच्या आत लिहायचा की बाहेर, आणि मूळ नाव बदलायचे की नाही?

प्रत्यय बाहेर आणि चिन्हाला चिकटून, यावर सहसा मतभेद नाही: ‘ज्ञानेश्वरी’चे पारायण. खरी मेख सामान्यरूपाची आहे. प्रत्यय लागण्याआधी मराठी नामाचा शेवट बहुधा बदलतो आणि तो बदल मात्रेच्या रूपाने शेवटच्या अक्षरालाच जडतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी म्हाइंभटांचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ जोडलेला आहे. त्यातील एखादी लीळा सांगताना ‘लीळाचरित्रातील’ असे आपण सहज म्हणतो. मात्र अवतरण बंद करून पुढे नुसता काना लिहिता येत नाही, कारण देवनागरीत काना अक्षराशिवाय उभा राहत नाही. मग तो आत घेऊन ‘लीळाचरित्रा’तील लिहावे लागते, म्हणजे चिन्हांच्या आत ग्रंथाचे मूळ नाव उरत नाही, किंवा ‘लीळाचरित्र’मधील असे लिहून सामान्यरूपालाच बगल द्यावी लागते. मूळ हस्तलिखितांच्या काळी हा पेचच नव्हता. मराठीत विरामचिन्हे आणण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते, म्हणजे ही चिन्हे एकोणिसाव्या शतकातली.

नाव बदलायचे की नाही, हे व्याकरणापेक्षा ते नाव लोकांच्या तोंडी किती रुळले आहे यावर ठरते, असे वापरावरून दिसते. तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीता’ या ४१ अध्यायांच्या ग्रंथाचे वाचन विदर्भातल्या गावागावांत होते. तिथे ‘ग्रामगीता’चे वाचन असे म्हटलेले कुणाच्या कानाला पटणार नाही, ‘ग्रामगीते’चे वाचन किंवा अवतरण न देता सरळ ग्रामगीतेचे वाचन, हेच योग्य वाटते. पारायणाचा ग्रंथ घरच्या नामासारखा चालतो, त्याला चिन्हांची गरज उरत नाही.

याउलट ‘एकच प्याला’. या नाटकाचे लेखक राम गणेश गडकरी १९१९ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला वारले. सुटा ‘प्याला’ प्रत्ययापूर्वी ‘प्याल्या’ होतो, तरी ‘एकच प्याल्या’चा प्रयोग असे कुणी म्हणत नाही. दोन शब्दांचे नाव एकसंध गठ्ठ्यासारखे ऐकू येते आणि ‘एकच प्याला’चा प्रयोग हेच रूप टिकते. वर्धा, अकोला, भंडारा या गावांचे वर्ध्याचा, अकोल्याचा, भंडाऱ्याचा होते, म्हणून सगळ्याच आकारान्तांना तो नियम लावू पाहणाऱ्यांची इथे फसगत होते.

वृत्तपत्रांच्या बाबतीत न बदललेले रूप उपयोगी ठरते. यवतमाळात साप्ताहिक म्हणून सुरू झालेले आणि १९७१ पासून नागपूरहून दैनिक झालेले ‘लोकमत’ घ्या. ‘लोकमत’चा कौल म्हणजे त्या वृत्तपत्राचा, लोकमताचा कौल म्हणजे जनतेचा. लिहिण्यातला हा फरक बोलण्यातही ऐकू येतो.

झाडीपट्टीतील नाटकांच्या जाहिराती हा वेगळा प्रांत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो आणि वडसा (देसाईगंज) हे त्याचे मोठे केंद्र आहे. तिथे नाटकाचे नाव म्हणजे अनेकदा आख्खे वाक्य किंवा हाकच असते. समजा, नाव ‘भाऊ, परत ये!’ असे आहे. त्याला चा लावला की उद्गारचिन्ह, अवतरण आणि प्रत्यय एकमेकांवर आदळतात. क्रियापदाचे सामान्यरूप तर करताच येत नाही. अशा वेळी ‘भाऊ, परत ये!’ या नाटकाचा प्रयोग असे लिहून प्रत्यय ‘नाटक’ शब्दावर ढकलणे सर्वांत सुरक्षित. वाक्य थोडे लांबते, पण नावाला धक्का लागत नाही.

संगणकावर जुळणी करताना आणखी एक दोष शिरतो: चिन्हानंतर मोकळी जागा. ‘ग्रामगीते’ आणि ‘चे’ यांच्यात फट पडली की ओळीच्या टोकाला प्रत्यय तुटून खाली जातो आणि फलकावर पुढच्या ओळीची सुरुवात ‘चे’ने होते. प्रत्यय हा स्वतंत्र शब्द नाही. तो चिन्हाला लागूनच हवा. हेच ने, ला, त यांना लागू आहे, आणि वऱ्हाडीतल्या ‘मले’, ‘तुले’मधल्या ‘ले’लाही.

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मुख्यतः अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि काही सामान्यरूपे यांपुरते आहेत. अवतरणापुढच्या प्रत्ययाचा निर्णय त्यामुळे मुद्रितशोधकाच्या कानावर सोडला जातो, आणि एकाच पत्रिकेत ‘ग्रामगीता’ची व ‘ग्रामगीते’ची अशी दोन्ही रूपे शेजारी छापलेली आढळतात.