ओरडल्याने हिमस्खलन होत नाही

‘बर्फाच्या डोंगरात मोठ्याने बोलू नका, आवाजाने बर्फ कोसळेल’ हे सिनेमांपासून ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे सांगितलं जातं. हे चूक आहे. ओरडण्याने हवेच्या दाबात होणारा बदल बर्फाचा थर तोडायला फारच तोकडा पडतो. सुरुंगाची गोष्ट वेगळी.

जीव घेणारं हिमस्खलन बहुतेकदा त्या उतारावरच्या माणसाच्या वजनानेच सुटतं. गुलमर्गच्या अफरवटसारख्या डोंगरावर वारा बर्फ उडवून आडोशाच्या बाजूला साचवतो. तिथे घट्ट थर तयार होतो. त्याच्याखाली साखरेसारखा सुटा, जुना बर्फ असेल तर वजन पडताच तो खचतो, चीर धावत जाते आणि वरचा अख्खा थर निसटतो. पायाखाली ‘धप्प’ झालं किंवा चिरा पळताना दिसल्या तर तिथूनच मागे फिरा.

धोक्याचा उतार मुख्यतः 30 ते 45 अंशांचा. अंदाजावर जाऊ नका, मोजा. अशा उताराच्या पायथ्याची सपाटीही सुरक्षित नसते. उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी स्खलनाच्या वाटेबाहेर थांबायचं. निघतानाच प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा रेडिओ संकेतांनी सांगणारं यंत्र) ‘सेंड’वर, म्हणजे संकेत पाठवत, आहे का तपासा, शोधकाठी (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवंच. गाडलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. म्हणजे वाचवणार सोबतीच. शोधकाठी गाडलेल्याला लागली की ती तशीच रोवून ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणा.

आणि बर्फ सुटला तर गप्प राहू नका, जिवाच्या आकांताने ओरडून सोबत्यांना सावध करा.