गिअरबॉक्स माउंटिंग

मोटारगाडीचा गिअरबॉक्स चॅसिसला किंवा बॉडीला जोडणारा रबर आणि पोलादाचा आधार. गॅरेजच्या बोलीत ‘गिअरबॉक्स फाउंडेशन’ किंवा नुसते ‘फाउंडेशन’. दोन पोलादी पट्ट्यांमध्ये, किंवा बाहेरची नळी आणि आतली बुश यांच्यामध्ये, व्हल्कनायझेशनने (गंधक घालून उष्णतेने रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेने) घट्ट चिकटवलेले नैसर्गिक रबर अशी याची साधी रचना असते. काम तीन प्रकारचे : वजन पेलणे, इंजिनाची थरथर बॉडीपर्यंत जाऊ न देणे आणि क्लच सोडताना बसणारा उलटा पीळ सोसणे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर निवांत चालत असताना सेकंदाला २५ ठोके देते. हे ठोके रबरातच जिरावे लागतात.

इंजिन रबरावर ‘तरंगते’ ठेवण्याची कल्पना १९३१ साली क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने गाजवली. एक आधार पुढे उंचावर आणि दुसरा मागे गिअरबॉक्सखाली, अशी ती मांडणी होती. पुढे सित्रोएनने तिचा परवाना घेतला.

पद्मिनी किंवा अँबॅसडरसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने बसते. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आधार असतो आणि गिअरबॉक्सच्या शेपटाखाली, क्रॉस मेंबरवर (चॅसिसच्या आडव्या पोलादी पट्टीवर), आणखी एक. मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन आडवे असते, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) गिअरबॉक्सच्याच कवचात असते आणि त्यामुळे माउंटिंगवरचा पीळ कितीतरी वाढतो. उदाहरणार्थ, इंजिनाचा टॉर्क ६० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि डिफरन्शियलचे ४.३ धरले, तर लांबीच्या मांडणीत आधारांवर सुमारे २१० न्यूटन-मीटरचा पीळ येतो, आडव्या मांडणीत सुमारे ९००. म्हणून आडव्या इंजिनाचे रबर बहुधा पिळाने फाटते, तर शेपटाखालचे तेलाने आणि उष्णतेने मरते.

झीज कशी ओळखावी

क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना खालून ‘धप्’ असा एकच आवाज येणे, त्याच वेळी जमिनीवरचा गिअर लिव्हर पुढेमागे उडणे, रिव्हर्समध्ये गाडी थरथरणे ही नेहमीची लक्षणे. लांब रॉडने गिअर बदलणाऱ्या गाडीत गिअर निसटूही शकतो. शेपूट खाली बसले की प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि विशिष्ट वेगाला बॉडीत गुणगुण सुरू होते. अशा वेळी शाफ्ट बॅलन्स करून घेण्यात पैसे घालवण्याआधी रबर पाहावे.

तपासणीसाठी बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून आणि पायाचा ब्रेक दाबून ठेवून पहिल्या व मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच हळूच थोडासा सोडतात. बघणाऱ्याने बाजूला उभे राहावे, गाडीच्या पुढे किंवा मागे नव्हे. इंजिन थोडे हलणारच. पण एखाद्या बाजूने इंचभर उचलले जात असेल तर रबर सुटलेले समजावे. मग खाली जाऊन टॉमीने (लोखंडी पहारीने) गिअरबॉक्स अलगद उचलून पाहावा. नुसत्या डोळ्यांना धड वाटणारे रबर असे उचलल्यावर पट्टीपासून वेगळे होताना दिसते. युनिव्हर्सल जॉइंटची (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याची) ढिलाई आणि सायलेन्सरची तुटलेली पट्टी यांचे आवाजही असेच फसवे असतात. चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून अडकण) लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने पिळला की जॉइंटचा दोष वेगळा कळतो.

रबर तेलाने ओले, फुगलेले आणि मऊ असेल तर आधी गळती शोधावी. शेपटाचे ऑइल सील, स्पीडोमीटर केबलची जागा आणि गिअरबॉक्सचा तुंबलेला ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) ही ठरलेली ठिकाणे. गळती न थांबवता नवे रबर बसवणे म्हणजे तेच काम काही महिन्यांनी पुन्हा करणे. तरीही सर्वाधिक वेळा हीच चूक होते.

बदलण्याची पद्धत

आदल्या रात्री नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. गाडी सपाट, टणक जागेवर घेऊन चाकांना उटी लावावी, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि गाडी चॅसिसखाली लोखंडी स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनाच्या अँबॅसडरमध्ये आटे इंची आहेत. मिलिमीटरचा पाना ‘जवळजवळ बसतो’ म्हणून लावला की नटाचे कोपरे जातात.

दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली, मध्ये इंचभर जाड फळी घालून लावावा. ड्रेन प्लगवर किंवा कवचाच्या पातळ कडेवर भार देऊ नये; ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पत्र्याच्या तळावर तर मुळीच नाही. माउंटिंगवरचा भार उतरेल इतकेच, म्हणजे ५ ते १० मिलिमीटर, उचलावे. जास्त उचलल्यास रेडिएटरचा पंखा काऊलला (त्याच्या भोवतालच्या आवरणाला) लागतो आणि होज ताणले जातात. आता माउंटिंगचे नट, मग क्रॉस मेंबरचे बोल्ट काढावेत. क्रॉस मेंबर कोणत्या तोंडाने होता, वायसर किती होते, याची खूण आधीच करून ठेवावी.

जुने आणि नवे रबर शेजारी ठेवून भोकांचे अंतर आणि स्टडची दिशा जुळवावी. जुने काही मिलिमीटर बुटके दिसेल. ते दबलेले असते. नवे बसवताना सर्व बोल्ट आधी हातानेच लावावेत, गिअरबॉक्स खाली उतरवावा, गाडी हलवून रबराला आपली जागा घेऊ द्यावी आणि मगच पाना लावावा. भार नसताना आवळलेले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर ८.८ प्रतीच्या ८ मिलिमीटर बोल्टला सुमारे २५ आणि १० मिलिमीटरला सुमारे ४५ न्यूटन-मीटर पुरतात. आत नायलॉनची कडी असलेले नट नवेच वापरावेत. रबर सरकवायला साबणाचे पाणी घ्यावे, ग्रीस नको.

गिअरबॉक्स किंवा इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी परत जोडायला विसरू नये. ती राहिली तर स्टार्टरचा प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते; मग मिस्त्री केबलला दोष देत बसतो.

आडव्या इंजिनात एका वेळी एकच माउंटिंग काढावे. सगळी सैल केली तर इंजिन सरकते आणि भोके जुळवताना घाम फुटतो.

सुटा भाग

बंद झालेल्या गाड्यांची रबरे पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोधावी लागतात. दुकानात वीस वर्षे पडून असलेला ‘ओरिजिनल’ भाग नवा मानू नये. रबर न वापरताही हवेने आणि ओझोनने कडक होते. किंचित वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या तर परत द्यावा. जुन्या पोलादी पट्ट्यांवर पुन्हा रबर ओतून घेता येते, पण पट्टीवरचा गंज पूर्ण साफ केलेला नसेल तर चिकटलेला थर पहिल्या पावसाळ्यातच सुटू लागतो. पॉलियुरेथेनचे माउंटिंग टिकाऊ असते, मात्र थरथर सरळ बॉडीत सोडते. रोजच्या वापराच्या, विशेषतः तीन सिलिंडरच्या गाडीला ते घालू नये. बसवल्यानंतर शे-दोनशे किलोमीटरनी सर्व नट एकदा पुन्हा तपासावेत.