अमेरिकेत मंत्र्याचा आणि सफाई कामगाराचा मुलगा एकाच बाकावर?

फॉरवर्ड बऱ्याच वर्षांपासून फिरतोय, की अमेरिकेत सरकारी शाळा सगळ्यांना फुकट म्हणून गरीब-श्रीमंत एकाच वर्गात बसतात. फुकट आहे हे खरंच, त्यामुळे पुढचंही पटकन पटतं.

पण बहुतेक ठिकाणी शाळा ठरते घराच्या पत्त्यावरून. रस्त्याच्या या बाजूला एक शाळा, पलीकडे दुसरी. त्यात शाळेचा जवळपास निम्मा पैसा स्थानिक, तोही मुख्यतः घरपट्टीचा, म्हणजे जिथे घरं महाग तिथे पैसा जास्त उभा राहतो. राज्य सरकारं भर घालतात, सगळीकडे सारखी नाही. आणि अनेक उपनगरांत नियमच असा की मोठ्या प्लॉटवर एकच घर, अपार्टमेंटला परवानगी नाही, मग कमी पगारवाला तिथे राहणार कुठे आणि त्याची पोरं त्या शाळेत जाणार कशी? खरी भिंत इथे आहे, आणि ती माणसांनीच घातलीय.

म्हणून ती काढताही येते. मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 1974 पासून मोठ्या प्रोजेक्टमध्ये काही घरं परवडणारी ठेवावीच लागतात. तिथल्या सरकारी घरांतली जी मुलं कमी गरिबी असलेल्या शाळांत गेली, ती गणितात सरकारी घरांतल्याच बाकीच्या मुलांपेक्षा बरीच पुढे गेली.

तपासायचं असेल तर तिकडचं एखादं मोठं घरविक्रीचं ॲप उघडा, घराखाली शाळेचं नाव आणि रेटिंग दिसतं, मग शाळेच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या घरांच्या किमती बघा. तिकडे घर घेतलेल्या नातेवाइकाला विचारा, आधी काय पाहिलं.