पाणीटंचाई (नागरी)

उपलब्ध पाणी मागणीला पुरे न पडणे म्हणजे पाणीटंचाई. तिचे दोन प्रकार मानतात. नदीत आणि भूगर्भात पाणीच नसेल तर ती भौतिक टंचाई. पाणी आहे, पण ते साठवून, शुद्ध करून नळापर्यंत नेण्याची यंत्रणा नाही, ती आर्थिक टंचाई. दरडोई वर्षाला १,००० घनमीटरपेक्षा कमी पाणी म्हणजे टंचाई, हा स्वीडिश जलतज्ज्ञ मालिन फाल्केनमार्क यांचा निकष रूढ आहे. पण घरातल्या नळाबद्दल तो काहीच सांगत नाही. सिंगापूर या निकषावर तळाच्या देशांत आहे, तरी सांडपाणी शुद्ध करून, समुद्राचे पाणी गोडे करून आणि मलेशियातून पाणी आणून तिथे नळ चोवीस तास चालतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात पाणी अमाप आहे, पण शुद्ध पाण्याचा नळ थोड्यांच्याच घरी.

सोलापूर या दोहोंच्या मधले. जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. भीमेवरच्या उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा साधारण ५३, बाकीचा मृत, म्हणजे उपयुक्त पातळीच्या खालचा. म्हणूनच उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते आणि तरीही धरणात भरपूर पाणी दिसते.

शहराची गरज मात्र फार नाही. माणशी दिवसाला १३५ लिटर या शहरी मानकाने दहा लाख लोकांना वर्षभरात पावणेदोन टीएमसी पुरते. पण नदीतून, शहराचे पाणी जिथे अडवतात त्या औज बंधाऱ्यापर्यंत, पाणी पोहोचवायचे तर धरणातून सोडण्याच्या एकेका पाळीला (आवर्तनाला) पाच-सहा टीएमसी सोडावे लागते. पात्रातली वाळू, बाष्पीभवन आणि काठावरचे कृषिपंप वाटेतच हिस्सा घेतात. सुमारे ११० किलोमीटरची थेट जलवाहिनी ही गळती टाळते, पण ती विजेवर चालते. उजनीच्या पंपांची वीज काही तास गेली की टाक्या भरत नाहीत आणि शहरातले वेळापत्रक एक दिवस पुढे सरकते. हिप्परग्याचा एकरुख तलाव (१८७१) हा जुना, छोटा स्रोत.

पाणी काही दिवसांआड येते तेव्हा टंचाई घरातल्या भांड्यांवर ठरते. पाच माणसांना चार दिवस १३५ लिटरने पुरवायचे तर २,७०० लिटरचा हौद हवा. दोनशे लिटरचे दोनच बॅरल असलेल्या घराला नळ कितीही वेळ चालला तरी माणशी वीस लिटर मिळतात. हौदवाला थेट नळाला मोटर लावतो, त्यामुळे वाहिनीच्या शेवटाकडच्या घरांचा दाब आणखी पडतो. २०१८ च्या दुष्काळात केपटाऊनने माणशी पन्नास लिटरची मर्यादा घातली तेव्हा जगभर चर्चा झाली. बॅरलवाले घर बाराही महिने त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात भागवते.

खंडित पुरवठ्याचा दुसरा दोष गुणवत्तेचा. नळ बंद असताना वाहिनी रिकामी होते, आत निर्वात तयार होतो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून सुरुवातीची काही मिनिटे येणारे गढूळ पाणी भरू नये. ते सांडायला सोडावे. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो, त्यामुळे भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी लागतात. नवे पाणी आले की शिळे ओतून देण्याची सवयही घरोघर असते. चोवीस तास नळ सुरू झाला की ही नासाडी थांबते. मात्र मीटर आणि गळती-दुरुस्ती आधी झाली नसेल, तर वाढलेल्या दाबाने जुन्या वाहिन्यांतली गळती दुप्पट जोमाने सुरू होते.