रेटिनोब्लास्टोमा : डोळ्याची सोनोग्राफी (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भासह)

लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यात (दृष्टिपटलात) होणाऱ्या कर्करोगाचे, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाचे, ध्वनिलहरींच्या साहाय्याने निदान करण्याची पद्धत. साधारण 15,000 ते 20,000 जन्मांमागे एका मुलाला हा रोग होतो. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले असतात आणि सुमारे एक तृतीयांश मुलांत दोन्ही डोळ्यांना गाठी होतात. बाहुलीत पांढरी चमक दिसणे हे नेहमीचे लक्षण, त्याखालोखाल तिरळेपणा.

इतिहास : डोळ्यासाठी ध्वनिलहरी प्रथम कोणी वापरल्या याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेतील मुंट व ह्यूज यांनी 1956 मध्ये ए-स्कॅनने (प्रतिध्वनींच्या आलेखाने) डोळ्यातील गाठींची तपासणी प्रसिद्ध केली, म्हणून अग्रमान सहसा त्यांना दिला जातो. फिनलंडमधील ओक्साला व लेहटिनेन यांचे काम लगेच पुढच्या वर्षीचे. मात्र डोळ्याच्या निरनिराळ्या भागांतून ध्वनी किती वेगाने जातो याची मोजणी ओक्साला यांनी चिकाटीने केली आणि पुढची सगळी मापे त्या प्रकारच्या मोजणीवर उभी आहेत. त्यामुळे शास्त्र म्हणून या पद्धतीचा पाया फिनलंडमध्ये घातला गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ए-स्कॅनमध्ये केवळ उंचसखल रेषा मिळत. द्विमितीय चित्र, म्हणजे बी-स्कॅन, बाऊम व ग्रीनवुड यांनी 1958 मध्ये दिले. त्यासाठी डोळ्यापुढे पाणी धरावे लागे. मिटलेल्या पापणीवर जेल लावून हाताने टेकवण्याचा प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे व प्रतिध्वनी टिपणारे साधन) 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि तेव्हापासून ही तपासणी लहान मुलांसाठी खऱ्या अर्थाने सोयीची झाली. ऊतीचा प्रकार प्रतिध्वनीच्या उंचीवरून ओळखण्याची शिस्त नेत्रतज्ज्ञ ओसॉइनिग यांनी घालून दिली.

तत्त्व व निष्कर्ष : साधारण 10 मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात. गाठ आपल्या रक्तपुरवठ्यापेक्षा वेगाने वाढते, आतल्या पेशी मरतात आणि त्या मृत भागात कॅल्शियमचे कण साचतात. यंत्राच्या पडद्यावर हे कण लख्ख पांढरे दिसतात व त्यांच्यामागे काळी सावली पडते. यंत्राचा गेन (प्रतिध्वनी मोठे करून दाखवण्याचे प्रमाण) हळूहळू कमी करत गेल्यास मऊ ऊती विरून जातात, पण कॅल्शियम शेवटपर्यंत दिसत राहते. निदानाचा हा कणा असल्याने कमी गेनवरचे चित्र न काढता दिलेला अहवाल अपुराच मानावा. डोळ्याची लांबीही मोजली पाहिजे. रेटिनोब्लास्टोमात ती सहसा वयानुरूप असते. गर्भावस्थेतील रक्तवाहिन्या मागे राहून झालेल्या विकारात डोळा बहुधा लहान असतो. कोट्स रोगात (दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या पाझरण्याच्या विकारात) पडदा सुटलेला व त्याखाली तरंगते कण दिसतात, पण भरीव गाठ नसते आणि कॅल्शियमही सहसा आढळत नाही. पडद्यात पसरट वाढणाऱ्या विरळ प्रकारात कॅल्शियम नसू शकते, म्हणून ते दिसले नाही एवढ्यावरून रोग नाही असे म्हणता येत नाही.

अन्य गाठींप्रमाणे येथे सुईने तुकडा काढता येत नाही, कारण त्यामुळे कर्कपेशी डोळ्याबाहेर पसरण्याचा धोका असतो. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम अधिक सूक्ष्मतेने दिसते, पण आरबी-1 या (बिघडल्यास हा रोग होणाऱ्या) जनुकातील दोष वारशाने आलेल्या मुलांना क्ष-किरणांपासून जपावे लागते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेकडे रोग गेला आहे का, हे एमआरआय सांगते. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसल्याने ती उपचारादरम्यान गाठीची उंची मोजण्यासाठी पुन्हा पुन्हा करता येते. तान्हे मूल दूध पिऊन झोपले की काही मिनिटांत तपासणी होते; मोठ्या मुलाची भूल देऊन, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीबरोबरच करतात.

सीमाभागातील स्थिती : निपाणी-चिक्कोडीकडचे लोक उपचारांसाठी कोल्हापूरला, अथणी-कागवाडचे मिरज-सांगलीला, तर खानापूरचे बेळगावला जातात. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे. पुढील विशेष उपचार मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था अशा केंद्रांत होतात. बाहुलीतली चमक ‘फूल पडले’ म्हणून घरी थेंब घालत बसण्यात मोलाचे आठवडे जातात. ते जाऊ देऊ नयेत. सोनोग्राफी फक्त गरोदर बाईची असते या समजुतीने काही आयाबाया बिचकतात, त्यांना आधी नीट समजावून सांगावे. मामाच्या मुलीशी लग्न केल्याचा दोषही आईबापांना देऊ नये: या रोगाचा वारसा प्रभावी जनुकाचा (म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी पुरेसा) असून अनेकदा बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो. भावंडांचे डोळे मात्र तपासलेच पाहिजेत.

उपचारांच्या खर्चासाठी कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना 2023 मध्ये सीमाभागातील 865 गावांसाठी जाहीर केली.