जहाज सुटण्याआधी वाचून ठेवा
(आमच्याकडे क्रूझचं बुकिंग केलेल्या प्रवाशांसाठी)

विमान चुकलं तर पुढचं मिळतं, हॉटेलची खोली आवडली नाही तर बदलून मागता येते. जहाजाचं तसं नसतं. धक्क्यावरचे दोर सुटले, की तुम्ही आम्हाला कितीही कळवळून फोन केलात तरी आमच्या हातात फार थोडं उरतं. आणि आम्हाला येणारे अडचणीचे फोन नेमके तेव्हाचेच असतात. त्यातल्या बहुतेकांचं मूळ आदल्या आठवड्यात न पाहिलेल्या एखाद्या साध्या गोष्टीत सापडतं. जेवण, करमणूक, केबिनची साफसफाई यांची काळजी जहाजावरचे लोक उत्तम घेतात, त्यामुळे त्याबद्दल इथे काही लिहिलेलं नाही. जे तुमचं तुम्हालाच पाहावं लागतं, तेवढंच लिहिलं आहे.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत तपासताना निघण्याची तारीख धरू नका, परतीची धरा. त्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी, असं पुष्कळ देशांचं आणि क्रूझ कंपन्यांचं म्हणणं असतं. बुकिंगवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, हेही आत्ताच पाहा. लग्नानंतर बदललेलं आडनाव इथे हमखास घोळ घालतं.

व्हिसाचा गोंधळ त्याहून मोठा. समजा, जहाज बार्सिलोनाहून निघालं, मोरोक्कोतल्या टँजियरला थांबलं आणि परत बार्सिलोनाला आलं. तुम्हाला वाटतं, आपण एकाच सहलीवर होतो. इमिग्रेशनच्या हिशेबात मात्र तुम्ही शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडलात आणि पुन्हा आत आलात. शेंगेन व्हिसा लागणाऱ्या प्रवाशाकडे एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर तो पहिल्याच दिवशी वापरला गेलेला असतो. म्हणून अशा सहलींना मल्टिपल एन्ट्री व्हिसाच घ्यावा लागतो. ‘त्या बंदरात मी उतरणारच नाही, मग व्हिसा कशाला?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही दिवसभर केबिनमध्ये झोपून राहणार असलात, तरी त्या देशाचा व्हिसा दाखवल्याशिवाय काही सहलींवर चढूच देत नाहीत. आणि कागदपत्रांअभावी चेक-इनच्या काउंटरवरून परत फिरावं लागलं, तर पैसे परत मिळण्याची आशा धरू नका.

घरात कोणी गरोदर असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. सहलीदरम्यान 24वा आठवडा लागत असेल तर बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत. तान्ह्या बाळांसाठी सहसा 6 महिन्यांची अट असते, महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना 12 महिन्यांची.

विम्याबद्दल एकच सांगतो. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण ते हॉस्पिटल नव्हे. तिथलं बिल तुमच्या खात्यावर चढतं आणि ते हलकं नसतं. प्रकृती गंभीर झाली तर रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा जवळच्या बंदरातून हलवावं लागतं. तुमच्या पॉलिसीत हा खर्च धरलेला आहे का, आणि क्रूझ सहल तिच्यात बसते का, एवढे दोन प्रश्न विमा कंपनीला लेखी विचारा.

बंदरावर कधी पोहोचायचं?

आदल्या दिवशी. ज्या दिवशी जहाज सुटणार त्याच दिवशीचं विमान पकडू नका, मग ते कितीही सकाळचं असो. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाचवायला जाऊन अख्खी सहल हुकलेले प्रवासी आम्ही पाहिले आहेत.

सामान

मोठ्या बॅगा बंदरावरच हमाल घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी पोहोचायला कधी कधी संध्याकाळ होते. त्यामुळे हातातल्या छोट्या बॅगेत औषधं, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि पोहायचे कपडे ठेवा. पासपोर्ट तर हातातच हवा. हे सांगायची गरज नाही असं आम्हालाही वाटायचं. पण आमच्या एका ग्राहकाने ‘सुरक्षित राहील’ म्हणून सगळ्या कुटुंबाचे पासपोर्ट मोठ्या सुटकेसमध्ये, कपड्यांच्या तळाशी ठेवले आणि सुटकेस हमालाच्या हवाली केली. नंतर हजारो बॅगांमधून ती निळी सुटकेस शोधली जाईपर्यंत चौघेही काउंटरसमोर उभे. सापडली, पण तोवर मागची सगळी रांग आत जाऊन जेवूनही झाली होती.

औषधं मूळ पाकिटातच असू द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, आणि सहल संपल्यावर आणखी चार दिवस पुरतील एवढी घ्या.

इस्त्री, किटली, मेणबत्त्या नेऊ नका, सापडल्या की जप्त होतात. समुद्रावर आग लागली तर बाहेर पळायला रस्ता नसतो, म्हणून हा कडकपणा. घरी वापरतो तो सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा भाग) असलेला एक्स्टेन्शन बोर्डही चालत नाही. जहाजावरची वायरिंग घरच्यासारखी नसते. तिथे न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडलेली नसते, आणि अशा जोडणीत हे बोर्ड तापून पेट घेऊ शकतात. सर्ज प्रोटेक्टर नसलेला साधा यूएसबी चार्जर न्या, मात्र त्या जहाजाची यादी आधी पाहून. उलट, जे कोणी नेत नाही आणि हमखास उपयोगी पडतं, ते म्हणजे चुंबकाचे हूक. बहुतेक जहाजांवर केबिनच्या भिंती धातूच्या असतात. ओले कपडे, टोप्या, पिशव्या टांगायला याच्याइतकं सोपं काही नाही.

चढल्यावर पहिलं काम

चढल्या चढल्या सगळे पोटपूजेला धावतात. आम्ही म्हणू, आधी सुरक्षेचा सराव उरका. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्ता कॉन्कॉर्डिया’ ही क्रूझ बोट खडकावर आदळली आणि 32 जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो 24 तासांत घेतला तरी चालत असे. 2015 पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी सराव व्हावाच लागतो.

हल्ली अनेक जहाजांवर सरावाचा व्हिडिओ मोबाइलवर बघायचा आणि ठरलेल्या जागी जाऊन नुसती हजेरी लावायची, एवढंच उरलं आहे. सोयीचं आहे, पण त्यात डोक्यात काही राहत नाही. म्हणून स्वतः एक करा: केबिनपासून तुमच्या मस्टर स्टेशनपर्यंत (संकटात जमायच्या ठरलेल्या जागेपर्यंत) एकदा जिन्याने चालत जा. लिफ्टने नको, कारण प्रसंग आला तर लिफ्ट वापरायची नसते. स्टेशनचं अक्षर किंवा आकडा केबिनच्या कार्डावर छापलेला असतो. इशारा लक्षात ठेवा: भोंग्याचे 7 छोटे आवाज आणि मग 1 लांब.

बोट लागू नये म्हणून

फोनवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मोठ्या जहाजांना पोटाखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांच्यामुळे डावी-उजवीकडची डोलणी बरीच कमी होतात. पुढून-मागून होणारं वर-खाली मात्र ते फारसं थांबवू शकत नाहीत. सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर उडतं आणि मधोमध बसलेलं जवळजवळ जागेवर राहतं, तसंच इथे. म्हणून ज्यांना गाडी किंवा बोट लागते, त्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. अगदी पुढची, सर्वांत वरची, मोठ्या काचेची केबिन फोटोत छान दिसते. पहिल्याच खवळलेल्या रात्री तिचं छानपण उतरतं.

त्रास का होतो? आतला कान सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना समोर केबिनची स्थिर भिंत दिसते. मेंदू या भांडणात अडकतो. त्यावर उपाय म्हणजे डोळ्यांनाही हालचाल दिसू द्यायची. उघड्या डेकवर या, क्षितिजाकडे बघत राहा. पुस्तक आणि मोबाइल बाजूला ठेवा. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको, थोडं कोरडं काहीतरी खा.

गोळ्यांच्या बाबतीत एकच चूक सगळे करतात: मळमळ सुरू झाल्यावर घेतात. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटसारखी गोळी आधी घ्यायची असते, नंतर ती पोटात टिकतच नाही. तिने झोप येते, हेही धरून चाला. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी 3 दिवस चालते, पण तीही निदान 4 तास आधी लावावी लागते. काचबिंदू असलेल्यांनी किंवा लघवी अडण्याचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. पट्टीला हात लागला तर धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, बाहुली मोठी होऊन दिसायला धूसर होतं.

आणि हात धुण्यावरून आठवलं. जहाजावर पोटाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. भोजनगृहाच्या दाराशी हातावर फवारा मारून घेतला म्हणजे झालं, असं समजू नका. साबण, पाणी आणि 20 सेकंद.

फोन

किनारा मागे पडला, की तुमचा फोन आपणहून जहाजाचं उपग्रहावर चालणारं मोबाइल नेटवर्क पकडतो. हे जमिनीवरच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा येत नाही, आणि महिनाअखेरीचं बिल पाहून लोकांना घाम फुटतो. जहाज सुटण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फाय तेवढं सुरू ठेवा. घरातल्या मुलांचे फोनही बघा.

बंदरावर उतरताना

घड्याळाकडे लक्ष द्या, आणि शक्यतो मनगटावरच्या. मोबाइल किनाऱ्यावरच्या टॉवरवरून वेळ घेतो, जहाज आपल्या वेळेवर चालतं, आणि या दोघांत कधी कधी तासाचा फरक असतो. उतरण्यापूर्वी दारातल्या पाटीवर लिहिलेली परतीची वेळ वाचा. ती सुटण्याची वेळ नसते, सहसा अर्धा ते एक तास आधीची असते.

जहाजातर्फे घेतलेल्या सहलीची बस अडकली, तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः टॅक्सी करून गेलात तर ती जबाबदारी तुमची. आमच्या मते बंदराजवळ फिरायचं असेल तर खुशाल स्वतः फिरा, स्वस्त पडतं. दोन-तीन तास लांब जायचं असेल तर जहाजाचीच सहल घ्या. रोजच्या कार्यक्रमाच्या कागदावर त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, उतरताना त्याचा फोटो काढून ठेवा. राहिलातच मागे, तर पहिला फोन त्याला.

सँटोरिनीसारख्या ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रातच उभं राहतं आणि छोट्या बोटींनी नेतं. तिथे शेवटच्या बोटीची वेळ हीच तुमची वेळ, आणि तिच्यासाठी खाली रांग लागते.

वारा किंवा लाटा वाढल्या तर कप्तान एखादं बंदर गाळतो. करारात तसा अधिकार त्याला असतो. बंदर शुल्क आणि जहाजातर्फे घेतलेल्या सहलीचे पैसे सहसा परत मिळतात. बाहेरून बुक केलेल्या सहलीचे मात्र त्या-त्या विक्रेत्याच्या अटींवर अवलंबून.

शेवटची रात्र

खात्याचं बिल रात्रीच टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर तपासा, सकाळी काउंटरवर झुंबड असते. टिप बहुतेक जहाजांवर रोज आपोआप लावलेली असते, ती पुन्हा वेगळी देण्यापूर्वी बघा. डेबिट कार्ड दिलं असेल तर अडवून ठेवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात.

मोठ्या बॅगा रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात, पहाटे त्या थेट धक्क्यावर उतरवतात. बाहेर ठेवण्यापूर्वी दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि पायातलं काढून ठेवलंय ना, ते बघा. नाइट ड्रेस आणि केबिनमधल्या पांढऱ्या सपाता अशा वेषात इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिलेले आमचे दोन ग्राहक आहेत. एकाच जहाजावरचे नव्हेत.