सर्व्हरवर फाइलसाठी आगाऊ जागा राखणे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दशावतारी नाटकाचे चित्रण रात्रभर चालते आणि उत्तररात्री सर्व्हरची डिस्क भरली, तर उरलेला प्रयोग हातचा जातो. म्हणून चित्रण सुरू होण्यापूर्वीच फाइलसाठी, समजा, 200 जीबी जागा राखून ठेवण्याची सोय आमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती जागा खरोखर मिळते की नाही, हे मात्र सर्व्हरवर कोणती फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली कशा मांडायच्या हे ठरवणारी व्यवस्था) आहे आणि तिच्यापर्यंत आपला संगणक कोणत्या मार्गाने पोचतो, यावर ठरते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत आमच्या ग्राहकांच्या यंत्रणा वेगवेगळ्या असल्यामुळे हे नीट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

फाइलचा आकार मोठा दिसणे वेगळे आणि तिच्यासाठी जागा राखली जाणे वेगळे. लिनक्सवर ‘ट्रंकेट’ आज्ञेने 200 जीबीची नवी फाइल केली, तर फाइलींची यादी देणारी ‘एलएस’ आज्ञा आकार 200 जीबी दाखवते, परंतु डिस्कवर किती जागा व्यापली असे ‘डीयू’ या आज्ञेला विचारल्यास उत्तर शून्य येते. जागा खरोखर राखणाऱ्या ‘फॅलोकेट’ आज्ञेने केलेल्या फाइलचे उत्तर दोन्हीकडे सारखे येते. 2007 साली लिनक्सच्या 2.6.23 या आवृत्तीत ही सोय आली. ईएक्सटी4 आणि एक्सएफएस या फाइल सिस्टीम ब्लॉक (डिस्कवरील जागेचे ठरावीक तुकडे) राखून त्यांवर ‘अद्याप लिहिलेले नाही’ अशी खूण करतात आणि त्यामुळे काम क्षणात होते. जुन्या ईएक्सटी3 वर ही सोय नाही.

जेथे सोय नाही तेथे पूर्वी आमचे सॉफ्टवेअर काहीही न सांगता संपूर्ण फाइलभर शून्ये लिहीत असे. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून 200 जीबी लिहायला अर्धा तास सहज लागतो. एका ग्राहकाचा त्यामुळे प्रयोगाच्या सुरुवातीच्या आडदशावतारातला संकासुर चित्रित व्हायचा राहिला. ती चूक आमची होती, आणि आता अशा वेळी सॉफ्टवेअर ‘जागा राखता आली नाही’ असे स्पष्ट सांगून मोकळी जागा दाखवते व लगेच चित्रण सुरू करते.

झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तेथे प्रत्येक नवे लेखन नव्या ठिकाणी होते, त्यामुळे आधी अडवलेले ब्लॉक पुढच्या लेखनाच्या उपयोगी पडत नाहीत, आणि कॉम्प्रेशन (माहिती दाबून लहान करणे) चालू असल्यास लिहिलेली शून्ये जवळजवळ जागाच व्यापत नाहीत. अशा सर्व्हरवर चित्रणासाठी स्वतंत्र डेटासेट (झेडएफएसमधील वेगळा विभाग) करून त्यालाच ‘रेझर्व्हेशन’, म्हणजे राखीव जागा, द्यावे, असा आमचा आग्रह आहे.

सर्व्हरवर एक्सएफएस असूनही काही वेळा नकार येतो, कारण ही मागणी नेटवर्कमधून पलीकडे पोचायला हवी. एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या एका पद्धतीत) त्यासाठीची आज्ञा 4.2 या आवृत्तीत आली असून, सर्व्हर आवृत्ती 3 ने जोडलेला असल्यास ती पाठवताच येत नाही. सांबा (विंडोजच्या पद्धतीने नेटवर्कवर फाइली देणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी ‘स्ट्रिक्ट अलोकेट’ हे सेटिंग आमच्याकडून तपासून घ्यावे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीमवर जागा लगेच मिळते, मात्र फाइलच्या शेवटाकडे आधी लिहिल्यास मधला भाग शून्यांनी भरण्यात वेळ जातो. म्हणून आम्ही तेथे सुरुवातीपासून क्रमानेच लिहितो.

सर्व्हर बदलण्यापूर्वी, शक्यतो जत्रांचा हंगाम सुरू होण्याआधी, ‘डीएफ’ आज्ञेला मोठ्या लिपीतील ‘टी’ हा पर्याय जोडून (df -T) ती सर्व्हरवरच चालवावी आणि फाइल सिस्टीमचे जे नाव दिसेल ते, एनएफएसच्या आवृत्तीसह, आम्हांला कळवावे. आम्ही आपल्या यंत्रणेवर एक चाचणी फाइल करून ‘डीयू’चे उत्तर आपल्यासमोर पाहू.